गुडघ्याचे नैष्कर्म्य

आयुष्यभर वाहिलेला भार मनुष्याने शेवटी कोठेतरी उतरवून ठेवावा आणि उरलेला काळ निर्भार होऊन ईश्वरचिंतनात घालवावा, ही कल्पना आपल्या धर्मजीवनात इतकी खोल रुजली आहे की, तिच्याविषयी शंका काढणे म्हणजे मोक्षाच्या सनदेवरच हरकत नोंदविण्यासारखे वाटावे. कीर्तनकाराच्या तोंडी प्रपंच हे ओझे असते, वेदान्त्याच्या लेखी कर्म हे बंधन असते, आणि ज्याने कीर्तन अर्धवट झोपेत ऐकले व वेदान्त मुळीच वाचला नाही असा सामान्य गृहस्थदेखील मुलगा हाताशी आला म्हणजे 'आता सुटलो' असा जो निःश्वास टाकतो, त्यात त्या दोघांचाही अंश उतरलेला असतो. मोक्ष म्हणजे सुटका आणि सुटका म्हणजे भारापासून सुटका, हे समीकरण कोणी तपासून स्वीकारलेले नसते. ते वहिवाटीने चालत आलेले असते. प्रस्तुत निबंधात ते तपासावयाचे आहे, आणि त्यासाठी साक्षीला जो बोलाविला आहे तो कोणी आचार्य नसून माणसाच्या गुडघ्यातील दोनचार मिलिमीटर जाडीचा, पांढुरका, गुळगुळीत असा एक थर आहे. वैद्यकाच्या मराठीत त्याला कूर्चा म्हणतात.

कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आळे आणि बेल्हे या दोन गावांच्या दरम्यान राजुरी आहे. जुन्नर तालुक्याच्या या पूर्वभागात पहाटे उठून शेणघाण करावी, धारा काढाव्या, दूध डेअरीला घालावे आणि मग दिवसभर कांद्याच्या वाफ्यात नाहीतर उसाच्या सरीत उभे राहावे, अशा रीतीने ज्या देहाने सारी उमेद खर्ची घातली, तो देह सत्तरीला आला की घरची माणसे आपला आदर एकाच प्रकारे व्यक्त करतात : "आप्पा, आता तुम्ही कशाला हात लावू नका. बसून खा अन् हरी हरी करा." या बोलण्यात लबाडी नसते, असलीच तर पूर्वी आपण राबविले त्याची किंचित भरपाई असते. ओसरीवर खाट पडते, पाण्याचा तांब्या हाताशी येतो, आणि आधी मळ्यातला फेरा, मग मारुतीच्या देवळापर्यंतचा फेरा, मग अंगणातला फेरा, असे एकेक फेरे बंद होत जातात. पुढे केव्हातरी मोरीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि घरी पाठविताना डॉक्टर ताकीद देतात की, अमुक आठवडे या पायावर भार द्यायचा नाही. ताकीद वाजवीच असते. परंतु घरात तिची मुदत संपत नाही. आठवड्यांचे महिने होतात, आणि ज्या दिवशी 'आता हळूहळू भार द्या' असे सांगण्यात येते त्या दिवशी आप्पांचा गुडघाच हुकूम मानीत नाही.

मग निदान होते, तेही सर्वांच्या तोंडी एकच : गुडघ्यातले वंगण संपले. ही उपपत्ती खेडवळ म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी नाही, कारण तिचे कूळ फार जुने आहे. वंगण लावलेल्या आसावर चाक जसे सुखाने फिरते, तसे स्निग्ध श्लेष्म्याने लिप्त झालेले सांधे चालतात, असे सुश्रुताने शारीरस्थानात सांगितले आहे, आणि सांध्यांतील त्या श्लेष्म्याला आयुर्वेद श्लेषक कफ म्हणतो. निरीक्षण म्हणून ते उत्तमच आहे. निरोगी सांध्यातील घर्षण खरोखरच फार कमी असते. चूक होते ती आपण त्यातून जो निष्कर्ष काढतो त्यात. आस जितका फिरेल तितका झिजेल, म्हणून गाडी कमी हाकावी, हा हिशेब लाकूड-लोखंडापुरता खरा आहे. कारण उभ्या गाडीचा आस निदान जसाच्या तसा राहतो. उभ्या माणसाचा, किंबहुना बसविलेल्या माणसाचा गुडघा तसा राहत नाही. हा फरक कोठून येतो हे समजण्यासाठी त्या थराची कैफियत थोडी सविस्तर ऐकावी लागेल.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. मज्जातंतू नाहीत. देहातील बहुतेक प्रत्येक कणाला रक्त घरपोच अन्न नेऊन देते आणि मज्जातंतू त्याच्या सुखदुःखाची वार्ता मेंदूला कळवितात; या दोन्ही सोयी कूर्चेच्या वाट्याला आलेल्या नाहीत. तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, ते पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन नावाचे मोठमोठे रेणू असतात, आणि त्या सर्वांना जखडून ठेवणारे कोलॅजनचे तंतू असतात. जिवंत पेशी घनफळाच्या एकदोन टक्केच, आणि प्रत्येक पेशी किंवा पेशींची लहानशी जोडी स्वतंत्र पोकळीत, शेजाऱ्यांशी स्पर्श नसलेली, अशी राहते. लेण्याद्रीच्या विहारात सभामंडपाच्या भिंतीला लागून ज्या कोठड्या खोदलेल्या आहेत आणि ज्यांतील एकेका भिक्षूने आपापल्या दगडी ओट्यावर वर्षाकाल घालविला, त्यांची येथे आठवण व्हावी. रक्त नाही, वेदना नाही, शेजार नाही : देहात संन्यासाश्रमाची दीक्षा घेतलेला एखादा भाग असेल तर तो हाच, असे कोणालाही वाटेल.

आणि नेमका हाच भाग भारावाचून जगू शकत नाही. पाऊल टेकले की गुडघ्यावर देहाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा दाब येतो. कूर्चा दबते, तिच्यातील द्रव बाहेर सरतो. पाऊल उचलले की दाब निघतो, आणि सांध्यातील पातळ द्रव, ज्यात आजूबाजूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांतून पाझरलेले अन्न असते, तो पुन्हा आत ओढला जातो. बारीक रेणू दाबावाचूनही हळूहळू झिरपतात, हे खरे. परंतु मोठ्या रेणूंची ये-जा या दाबण्या-सुटण्यावर पुष्कळ अवलंबून असते. शिवाय भाराचे काम अन्न पोचविण्यापाशी संपत नाही. दाब कमीजास्त होणे हाच पेशीला हुकूम असतो : नवे प्रोटिओग्लायकन घडव, जुने मोडकळीला आलेले काढून टाक. हुकूम येईनासा झाला की पेशी मरत नाही, पण बांधकाम थांबविते. शाळेत ज्या उठाबशा शिक्षा म्हणून काढाव्या लागत, त्यांच्या बाबतीत असे मोजून पाहिले आहे की, तीस उठाबशांनंतर गुडघ्याच्या वाटीमागील कूर्चा सुमारे सहा टक्क्यांनी दबते आणि पूर्ववत व्हायला तिला दीडेक तास लागतो. गुरुजींना हे ठाऊक असते तर त्यांनी शिक्षा बदलली असती असे मात्र नाही.

लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात कूर्चेविषयी एक निराशाजनक गोष्ट नमूद केली होती : ती एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतरही तो निर्णय मूळ स्वरूपात बहाल आहे. परंतु नष्ट होणे आणि कृश होणे यांत अंतर आहे, आणि भाराच्या अभावाने कूर्चा कशी व किती कृश होते हे गेल्या पन्नास वर्षांत कळले. घोट्याचे हाड मोडल्यामुळे सात आठवडे ज्यांनी पायावर अर्धवटच भार दिला, अशा रुग्णांच्या गुडघ्यांचे चुंबकीय चित्रण करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वाटीमागील कूर्चा सुमारे तीन टक्क्यांनी आणि नडगीच्या हाडावरील आतल्या बाजूची कूर्चा सहा-साडेसहा टक्क्यांनी पातळ झालेली दिसली. मोडला होता घोटा. गुडघ्याला इजा नव्हती. त्याचा दोष एवढाच की त्याला रजा मिळाली. पाठीचा कणा दुखावून ज्यांचे पाय कायमचे गेले, त्यांच्याविषयीचे आकडे अधिक कठोर आहेत : सहा महिन्यांत पाच ते सात टक्के, वर्षभरात नऊ ते तेरा टक्के.

येथे कोणी म्हणेल की, हा दोष हालचाल थांबल्याचा आहे, भार थांबल्याचा नव्हे. पडल्या पडल्या पाय हालविला म्हणजे झाले. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पाल्मोस्की आणि ब्रँट यांनी १९८० साली नेमका हा प्रश्न विचारला, आणि तो ज्या पद्धतीने विचारला ती सांगताना लेखणी अडखळते : त्यांनी कुत्र्याच्या एका पायाचा पंजा काढून टाकला. पाय हालत राहिला, गुडघा वाकत राहिला, पण जमिनीला काही टेकत नसल्यामुळे त्याच्यावर भार येईनासा झाला. आणि त्या हालणाऱ्या गुडघ्यातील कूर्चादेखील कृश झाली. मुक्या जनावराला पांगळे करून मिळविलेले हे ज्ञान कोणत्या खात्यावर जमा करावे, हा प्रश्न मी येथे सोडवीत नाही. परंतु ज्याने त्याचा दाखला तर्काला जोडला त्याने त्याची किंमत कोणी दिली हे दडवू नये, इतके तरी बंधन पाळले पाहिजे.

प्रयोगाचे तात्पर्य असे की, गती पुरेशी नाही. गतीला वजन पाहिजे. धर्मविचाराच्या परिभाषेत मांडावयाचे तर, कर्मेंद्रिये हालत आहेत पण त्यांच्यावर जबाबदारी कसलीच नाही, अशा अवस्थेने भागत नाही. आप्पा ओसरीवर बसून माळ ओढतात, बोटे चालतात, ओठही हालतात; त्यांच्यावाचून घरात काही अडत मात्र नाही. हा दृष्टान्त मी पुढे ताणणार नाही. ऊतीच्या वर्तनावरून आत्म्याचा धर्म सिद्ध करणे हा एक प्रकारचा भाबडेपणाच आहे, आणि आपल्याकडे दर दहा वर्षांनी नव्या भौतिक शोधात जुना श्लोक सापडल्याची दवंडी पिटणारे जे पंडित निघतात, त्यांच्या पंगतीला बसण्याची माझी इच्छा नाही. कूर्चा गीता सांगत नाही. परंतु 'भार गेला की उरते ते सुख आणि स्वास्थ्य' असे जे आपण निसर्गसिद्ध सत्य म्हणून गृहीत धरतो, त्याला निसर्गातला आधार नाही, एवढे ती निश्चित सांगते; आणि गृहीत पक्षाचा आधार गेला म्हणजे मूळ ग्रंथ काय म्हणतात हे पुन्हा उघडून पाहण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

ग्रंथ उघडले की पहिला धक्का हा बसतो की, गीतेच्या तिसऱ्या अध्यायाने आप्पांच्या खाटेची तरतूद कोठेच केलेली नाही. कर्माला हात न लावल्याने पुरुषाला नैष्कर्म्य प्राप्त होत नाही, आणि कोणी क्षणभरही कर्म केल्यावाचून राहत नाही, असे तेथे अगदी आरंभीच सांगून टाकलेले आहे. ज्ञानेश्वरांनी त्यावर भाष्य करताना, पलीकडच्या तीरावर जावयाचे तर नाव टाकून कसे चालेल, असा प्रश्न केला आहे. लोकमान्य टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले आणि १९१५ साली ते प्रसिद्ध झाले, त्याचा सारा रोख शांकर संप्रदायाच्या संन्यासपर अर्थाविरुद्ध आहे. ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी कर्म करीतच राहावे, हे त्यांचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. या वादात कूर्चेची साक्ष टिळकपक्षाकडून सहज मांडता येईल, आणि तसे करण्याचा मोहही होतो. मला मात्र असे वाटते की, त्या साक्षीने शंकराचार्यांचे काहीच बिघडत नाही. कारण ज्या निर्भारतेवर आपण येथे आक्षेप घेत आहोत ती संन्याशाची कधीच नव्हती. ती गृहस्थाने संन्याशाच्या नावावर खपविलेली आहे.

जे खरोखर सर्व टाकून निघाले ते बसले नाहीत, चालले. परिव्राजकाने चातुर्मासाखेरीज एका ठिकाणी फार काळ राहू नये, असा दंडक. आचार्य स्वतः केरळातील कालडीहून निघून देशाच्या चारी टोकांना पायी गेले, असे परंपरा सांगते. जैन मुनी आजही वाहनात पाऊल घालीत नाहीत. चातुर्मास संपला की विहार सुरू. जुन्नरच्या आसमंतात डोंगरकपारींत जी दोनशेवर लेणी आहेत, त्यांतील भिक्षूही नाणेघाटाच्या व्यापारी वाटेने येणारे-जाणारेच होते. पावसाळा तेवढा त्यांनी त्या कोठड्यांत काढावयाचा. भगवान बुद्धांनी अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे, म्हणजे ठराविक पट्ट्यावर शांतपणे येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची शक्ती येते, साधनेची शक्ती येते, आरोग्य राहते, खाल्लेले पचते, आणि चालताना लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकते. यांतला पाचवा लाभ मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो, कारण चित्ताची स्थिरता आणि पायाची गती यांत विरोध आहे असे धरून आपण ध्यानाचे चित्र नेहमी बसलेलेच काढतो. आमच्या काळात विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान स्वीकारले आणि पुढे सुमारे तेरा वर्षे ते चालत राहिले. त्या देहात दुखणी कमी नव्हती. आणि या सर्वांच्या शेजारी आपल्या मुलखातली वारी आहेच, जिच्यात ज्याने घरी अंगणाबाहेर पाऊल टाकणे सोडले आहे असा म्हातारादेखील आळंदीहून पंढरीपर्यंतचे अडीचशे किलोमीटर अंतर दिंडीच्या पावलांवर काढतो, आणि घरी परत आला की पुन्हा खाटेवर बसतो.

म्हणजे त्यागाची परंपरा पायांवर उभी होती. मालमत्तेचा, अधिकाराचा, 'माझे'पणाचा भार तिने उतरविला आणि देहाचा भार मात्र रोज उचलला. आपण नेमके उलट करतो. सातबाऱ्यावरचे नाव, तिजोरीची किल्ली आणि सुनेला बोलण्याचा अखत्यार शेवटच्या श्वासापर्यंत सुटत नाही, आणि सुटते काय, तर पाण्याची घागर.

इतके म्हटल्यावर विरुद्ध टोकाची चूकही पाहिली पाहिजे, कारण भार हे अन्न आहे असे ठरले तर अधिक भार हे अधिक अन्न होईल आणि तपश्चर्येची सारी कठोर रूपे एका दमात समर्थनीय ठरतील. नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थात ज्यांना लोक खडेश्वरी म्हणतात असे साधू दिसतात. वर्षानुवर्षे न बसण्याचा, न आडवे होण्याचा त्यांचा नेम असतो; रात्री ते दोरीला टांगलेल्या झोपाळ्यासारख्या आधारावर छाती टेकून झोपतात, आणि त्यांचे पाय सुजून खांबासारखे झालेले असतात. त्यांच्या शेजारीच ऊर्ध्वबाहू असतो. त्याचा एक हात आकाशाकडे धरून धरून वाळून गेलेला, खांदा त्या अवस्थेतच आखडून बसलेला. एकाने भार सोडायचा नाही असे ठरविले, दुसऱ्याने उचलायचाच नाही असे ठरविले. त्यांच्या निश्चयापुढे मान लवते, निर्णयापुढे नाही. टोरांटोचे शल्यचिकित्सक सॉल्टर आणि त्यांचे सहकारी फील्ड यांनी १९६० साली प्राण्यांच्या सांध्यांवर अखंड दाब ठेवून पाहिला, तेव्हा दाबाखालची कूर्चा मरू लागली. दाब असा होता की ज्याला सुट्टी नव्हती. द्रव बाहेर गेला तो परत आलाच नाही. तेव्हा कूर्चा भारावर जगते असे म्हणणेही अपुरे आहे. ती भाराच्या येण्या-जाण्यावर जगते. टेकलेल्या पावलाने ती जितकी पोसली जाते, तितकीच उचललेल्या पावलाने.

मला स्वतःला या निष्कर्षाचे महत्त्व फार वाटते, कारण अनासक्ती या शब्दाने काय समजावे याविषयी माझ्या मनात जी धूसरता होती ती येथे काहीशी निवळते. भार घ्यावा पण धरून बसू नये, एवढा अर्थ तर कोणीही सांगेल. त्यापुढचे असे की, सोडणे ही घेण्यानंतर कधीतरी, आयुष्याच्या उत्तरार्धात एकदाच करावयाची क्रिया नाही. ती प्रत्येक घेण्याच्या आतच आहे. पूर्वार्धात सगळे घेणे आणि उत्तरार्धात सगळे सोडणे, अशी आश्रमव्यवस्थेची जी वाटणी आपण ढोबळपणे करून ठेवली आहे, तिच्यात पूर्वार्धातला गृहस्थ खडेश्वरी होतो आणि उत्तरार्धातला ऊर्ध्वबाहू.

आता एक भीती. भाराची थोरवी गाणारा निबंध कोणाच्या हाती पडेल, हे लेखकाने आधी पाहावे. डोक्यावर तीन हंडे घेऊन आण्याच्या पठारावरून पाण्याला जाणाऱ्या बाईला, किंवा मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला, 'भार हा सांध्यांना हितकर' असे खुर्चीत बसून सांगणे हा उघड निर्दयपणा होईल. त्यांच्या गुडघ्यांना रजेचा रोग नाही, सुट्टी न मिळण्याचा आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात मजुरीची, रजेची आणि भविष्यनिर्वाहाची तरतूद आहे; मोक्षशास्त्रात ज्या विषयाला एक ओळही मिळाली नाही, त्याला मुंबईच्या विधिमंडळाने काही कलमे दिली, हे धर्मचिंतकाने विनयाने मान्य करावे.

या बाबतीत आळ्याच्या देवस्थानाइतके बोलके दुसरे काही मला आढळत नाही. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले, तो रेडा पखाल वाहणारा होता, असे कथा सांगते; परतीच्या वाटेवर तो आळे येथे निवर्तला आणि भावंडांनी त्याला तेथेच समाधी दिली. राजुरीपासून ते स्थान अगदी जवळ. कथेचा ऐतिहासिक खरेपणा येथे विचारात घ्यावयाचा नाही. विचार करावयाचा तो असा की, कीर्तनात आपण वेदोच्चाराचा चमत्कार रंगवितो आणि पखाल विसरतो. दुसऱ्यांसाठी पाणी वाहून ज्याची पाठ सोलवटली त्या जनावराला संतांनी पखालीतून सोडविले, काही मुक्काम आपल्याबरोबर चालविले, आणि मग समाधी दिली, म्हणजे योग्याचा मान दिला. लादलेला भार आणि चाललेली वाट यांत भेद आहे हे त्या कथेला ठाऊक आहे, असे मी धरून चालतो. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलाची पारख करणारा शेतकरीही, बैल किती ओढतो एवढे पाहून थांबत नाही. तो त्याला चालवून पाहतो.

राजुरीच्या ओसरीकडे परत वळावयाचे तर तेथे घाई उपयोगाची नाही. वर ज्यांचा उल्लेख केला त्याच अमेरिकन संशोधकांना असे आढळले होते की, प्लास्टर काढल्यावर कुत्र्याला साधे हिंडूफिरू दिले तर कृश कूर्चा सुधारते, पण लगेच धावावयास लावले तर सुधारत नाही. फिनलंडमधील कुओपिओ येथील प्रयोगात तर कोवळ्या वयाच्या कुत्र्यांचा पाय अकरा आठवडे जखडून पुढे पन्नास आठवडे मोकळा ठेवला, तरी सगळी तूट भरून निघाली नाही. म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणतात की, आधी बोटे टेकवा, मग वॉकर धरून चतुर्थांश भार द्या, मग अर्धा, तेव्हा त्यात नुसती सावधगिरी नसते. इतक्या महिन्यांत पेशी हुकूम ऐकण्याची सवय विसरलेली असते. घरच्यांनी आपल्या परीने यात भर घालावयाची असेल तर ती आप्पांना रोज 'चाला, चाला' असा तगादा लावून घालू नये. चालणे हे औषध म्हणून फार दिवस घेतले जात नाही. दूध डेअरीत जमा झाले की नाही ते वहीत पाहून येणे, नातवाला शाळेच्या फाटकापर्यंत पोचविणे, वासराला पाणी दाखविणे, अशी एखादी गोष्ट, जी त्यांच्यावाचून खरोखर अडेल, ती त्यांच्याकडे राहू द्यावी.

एवढ्यावर समाधान मानता आले असते. परंतु या साऱ्या विवेचनाला जो सर्वांत मोठा आक्षेप आहे त्याला मी अजून हात लावलेला नाही. भार ही जीवनाची अट असेल तर ज्यांना उभेच राहता येत नाही त्यांचे काय? कूर्चेच्या कृशतेचे सर्वांत कठोर आकडे ज्यांच्या गुडघ्यांतून मिळाले ते लोक आळशी नव्हते. त्यांचा कणा मोडलेला होता. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून कणा दुखावलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. तेथील जवानांना 'पायावर भार द्या' हा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. अशा स्पर्धांतले ते भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. जेथे देहाचे वजन जवळजवळ नाहीसे होते त्या पाण्यातच त्यांनी तो पराक्रम केला, आणि माझ्या सिद्धान्ताला त्यावर सरळ उत्तर नाही.

उत्तर म्हणून नव्हे, पण वस्तुस्थिती म्हणून एक गोष्ट सांगता येते. पाय गेले म्हणजे देहाचा भार नाहीसा होत नाही. तो स्थलांतर करतो. चाकांची खुर्ची ढकलणे, तिच्यातून खाटेवर आणि खाटेवरून तिच्यात अंग उचलून नेणे, हे सर्व हातांवर येते, आणि जो सांधा हात चोहोबाजूंनी फिरावा म्हणून उथळ खोबणीत बसविलेला आहे, त्या खांद्याला गुडघ्याची आणि खुब्याची चाकरी करावी लागते. त्याची घडण त्या चाकरीसाठी नाही. वर्षानुवर्षे खुर्ची वापरणाऱ्यांत खांद्याचे दुखणे फार आढळते ते यामुळेच; आणि म्हणून अशा रुग्णांच्या शिक्षणात खांद्याभोवतीचे स्नायू बळकट करणे, अंग उचलताना हात शरीराजवळ ठेवणे आणि दिवसातून किती वेळा उचलावे लागेल याचा आधीच हिशेब करून ठेवणे, यांना मोठे स्थान असते.